मोहफुलं, मोहाचे लाडू आणि टोरीचं तेल: घ्यावं का, कसं ओळखावं, किती पैसे द्यावे

निकाल आधीच सांगून टाकते. वाळलेल्या मोहफुलांना पाचपैकी पाच, लाडवांना चार, टोरीच्या, म्हणजे मोहाच्या बियांच्या, तेलाला साडेतीन, आणि सरबताची बाटली पुन्हा घेणार नाही. आता कारणं. लांबलचक होणार आहे कारण मोह विकत घेताना नेमकं काय बघायचं हे कुणी नीट लिहीत नाही, सगळे एकतर "सुपरफूड सुपरफूड" करतात नाहीतर मोह म्हटलं की दारूच्या गप्पा सुरू, आणि मधल्यामधे जे खायचं फूल आहे ते बाजूलाच राहतं.

माल नागपूरला बचत गटांचं प्रदर्शन भरतं तिथनं घेतला, गडचिरोली जिल्ह्यातल्या कोरची भागातल्या बायकांचा स्टॉल होता. गटाचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण असे गट कोरची, कुरखेडा, धानोरा सगळीकडे आहेत आणि नाव दिलं की सगळे एकाच दारात जातात, त्यापेक्षा चांगला मोह कसा ओळखायचा ते सांगितलेलं बरं, मग तुम्हाला जवळ जो गट मिळेल त्याच्याकडनं घ्या. माझ्या सासूबाईंचं माहेर कुरखेड्याकडचं, त्यामुळे घरात मोह काही नवीन नाही, पण गावाकडनं पिशवीत येणारा मोह आणि पाकिटात विकत घेतलेला मोह यात फरक असतो, आणि मी जे लिहितेय ते पाकिटातल्या मोहाबद्दल.

पाकीट अर्ध्या किलोचं, दीडशे रुपयाला. पारदर्शक पिशवी, वर एक साधं लेबल. उघडल्या उघडल्या पहिली गोष्ट म्हणजे वास. मोहाचा वास ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, तो जड असतो, गोड असतो आणि थोडा उग्र असतो, पहिल्यांदा घेणाऱ्याला कदाचित नाक मुरडावंसं वाटेल, पण त्यात आंबूसपणा अजिबात नको. आंबूस आला की समजायचं फूल वाळताना ओल लागलीय. यात तो नव्हता. रंग तपकिरी-लालसर, बरीचशी फुलं आख्खी, चपटी झालेली, बोटात धरली की हलकी चिकट लागतात पण एकमेकांना घट्ट चिकटून गोळा झालेला नाही. मी ताटात मूठभर पसरली आणि एकेक उघडून पाहिली. फूल म्हणजे खरंतर पोकळ नळीच असते, दोन्ही बाजूंनी उघडी, आणि आत बारीक केसरांचा झुपका असतो. तो झुपका काढलेला असेल तर मोह खाण्यासाठी तयार केलाय, नसेल तर तो नुसता वाळवून भरलाय. या पाकिटात जवळजवळ सगळ्या फुलांचे केसर काढलेले होते, एखाददुसऱ्यात चुकून राहिलेत तेवढेच. हे काम हाताने होतं, एकेक फूल चिमटीत धरून, आणि ते केलं नाही तर दाताखाली धागे येतात आणि कडवट लागतं. पाचपैकी पाच देण्याचं अर्धं कारण हेच.

उरलेलं अर्धं कारण म्हणजे माती नाही. मूठभर फुलं वाटीभर पाण्यात टाकून दहा मिनिटं ठेवली, पाणी ओतून बघितलं, तळाला रेती नाही. स्टॉलवरच्या ताईंना मी विचारलंच, "ताई, इतका स्वच्छ कसा हो?" तर म्हणाल्या, "जाळी बांधतो ना बाई झाडाखाली, फूल जमिनीवर पडतच नाही." एवढ्या एका वाक्यात सगळं आलं, आणि ते का महत्त्वाचं आहे ते जरा नीट सांगते, कारण दुकानातला माणूस हे सांगणार नाही.

मोह गळतो तो मार्च-एप्रिलमधे. झाडाची पानं आधी झडलेली असतात, फांद्यांच्या टोकाला फुलांचे घोस येतात, रात्री फुलं उमलतात आणि पहाटेपासून ऊन चढेपर्यंत टपटप गळत राहतात. वेचणाऱ्या बाया, पोरं, म्हातारी माणसं अंधार असतानाच टोपल्या घेऊन निघतात, एकेकटं शक्यतो जात नाहीत कारण अस्वलालाही मोह तितकाच आवडतो आणि त्याचीही वेळ तीच. आता फुलं पडतात जमिनीवर, जमिनीवर पाचोळा, पाचोळ्यात फूल दिसत नाही, म्हणून बऱ्याच ठिकाणी आधी झाडाखालचा पाचोळा पेटवून जागा साफ करतात. ती आग तिथेच थांबली तर ठीक, पण कधीकधी थांबत नाही आणि जंगलात शिरते, उन्हाळ्यातल्या वणव्यांचं हे एक ठरलेलं कारण आहे. शिवाय राखेतनं वेचलेल्या फुलाला राख लागणारच, माती लागणारच, आणि मोह ओला असताना इतका रसाळ असतो की लागलेली माती वाळल्यावर आतच बसते, मग कितीही धुवा. जाळी, किंवा जुन्या साड्या जोडून केलेली झोळी, झाडाखाली बांधली की पाचोळा जाळायची गरज नाही, कंबर वाकवून एकेक फूल वेचायचे तास वाचतात आणि फूल स्वच्छ. जाळीला पैसे लागतात, मोठ्या झाडाखाली बांधायची म्हणजे दोन-चार माणसंही लागतात, आणि व्यापारी जर मातीच्या मोहाला आणि जाळीच्या मोहाला एकच भाव देत असेल तर कोण कशाला बांधेल? म्हणून गिऱ्हाईक म्हणून आपण "जाळीचा आहे का" हे विचारलं पाहिजे आणि जाळीचा असेल तर चार पैसे जास्त दिले पाहिजेत, मला या अख्ख्या रिव्ह्यूत हेच सगळ्यात ठासून सांगायचंय.

आणखी एक. फुलं वेचल्यामुळे झाडाचं फळ कमी होतं असं नाही, कारण जे गळतं ते फुलाचं मांसल पाकळ्यांचं नळकांडं केसरांसकट गळतं, बीजकोश वर फांदीवरच राहतो. वटवाघळं रात्री येऊन परागीभवन करून गेलेली असतात. मग जून-जुलैत त्याच घोसाची फळं तयार होतात, टोळ म्हणतात आमच्याकडे, आणि त्यातल्या बीचं तेल काढतात ते टोरीचं तेल. म्हणजे एकाच झाडाला एकाच वर्षात दोनदा हंगाम. कच्च्या टोळांची भाजीपण करतात, सासूबाई अजून त्या भाजीची आठवण काढतात. चिकू, खिरणी, बकुळ यांच्याच कुळातलं झाड आहे हे, आणि माळावर, शेताच्या बांधावर, विरळ जंगलात जिथे दुसरं फळझाड पाणी घातल्याशिवाय जगणार नाही तिथे हे नुसतं उभं असतं, कुणी खत घातलेलं नाही, कुणी पाणी दिलेलं नाही.

तुलनेसाठी म्हणून मी ऑनलाइनवर एका कंपनीचा "ऑरगॅनिक महुआ फ्लॉवर" पण मागवला होता, अडीचशे ग्रॅमला दोनशे नव्व्याण्णव, वर डिलिव्हरी वेगळी. डबा फारच देखणा, लाकडी टेबलावर फुलं पसरल्याचा फोटो, कुठलं जंगल कुठलं गाव याचा पत्ता नाही, गोळा कधी केलाय ते नाही, फक्त पॅकिंगची तारीख. आतला मोह काळपट, बराचसा चुरा, वास आंबूस, केसर सगळे जागच्या जागी, आणि भिजवल्यावर वाटीच्या तळाला रेतीचा थर. तक्रार केली तर "नॅचरल प्रॉडक्ट असल्यामुळे रंगात फरक असू शकतो" असा ठरलेला रिप्लाय आला. अहो रंगाबद्दल कोण बोलतंय, रेतीबद्दल बोलतेय मी. परतावा नाहीच मिळाला. तर डब्यावर भुलू नका एवढंच, काळा पडलेला मोह म्हणजे वाळवताना पाऊस लागलाय नाहीतर ढीग करून ठेवलेला असताना आतनं तापलाय. आपल्याकडे मार्च-एप्रिलमधे अवकाळी येतोच, अंगणात पसरलेला मोह एका सरीत खराब होतो, त्यामुळे ज्या वर्षी अवकाळी जास्त त्या वर्षी चांगला माल कमीच असणार हेही ध्यानात ठेवा, गटवाल्या बायांशी त्यावरनं भांडू नका.

आता खायचं कसं. पाकिटावर गटाने एक ओळ छापलीय, "स्वच्छ धुवून वापरावे", बस. एवढ्यावर नवीन माणसाचं काही होत नाही, त्यामुळे मी करते ते लिहिते. मोह दोन-तीन पाण्यात हलक्या हाताने धुवायचा, मग कोमट पाण्यात अर्धा तास भिजत ठेवायचा. फुलं फुगतात, पाणी तपकिरी होतं, ते पाणी फेकायचं नाही कारण त्यात गोडी उतरलेली असते. त्याच पाण्यात फुलं शिजवायची, मऊ झाली की घोटायची आणि त्यात ज्वारीचं पीठ, चिमूटभर मीठ घालून मळायचं. गूळ नाही, साखर नाही. भाकरी थापताना जरा जपून, गोडव्यामुळे पीठ चिकटतं आणि तव्यावर लवकर लागतं, आच मंदच हवी. तव्यावरनं उतरवली की वर तूप, नाहीतर नुसतीच. माझ्या मुलाला, जो ज्वारीची भाकरी बघून तोंड वाकडं करतो, त्याला ही भाकरी डब्यात हवी असते. चव सांगायची तर काळ्या मनुकांच्या जवळची, पण मनुकांचा आंबटपणा काढून टाकला आणि त्यात थोडा धुराचा, मातीचा वास मिसळला तर जे होईल तसं काहीतरी.

पुरणात पण घालून बघितलं, हरभऱ्याच्या डाळीत गुळाच्या जागी अर्धा मोह अर्धा गूळ. रंग गडद येतो, पाहुण्यांनी विचारलं पुरण करपलं का म्हणून, पण खाल्ल्यावर दुसरी पोळी मागितली. पूर्ण मोहाचं पुरण मला जड वाटलं, वासही जास्त येतो, अर्धं-अर्धंच बरं.

लाडू. गटाचे तयार लाडू घेतले होते, पाव किलोचा डबा, शंभर रुपये. मोह, तीळ, जवस, शेंगदाणे, एवढंच लिहिलंय आणि खाऊन तरी तेवढंच लागतं, गूळ नाही, तूप अगदी नावाला. मोह मंद आचेवर भाजतात, गरम असताना तो मऊच राहतो पण गार झाला की कुरकुरीत होतो आणि मग कुटता येतो, ही गोष्ट ज्याला माहीत नाही तो तापला असतानाच मिक्सरला लावतो आणि भांड्यात चिकट गोळा करून बसतो. या लाडवांचं भाजणं छान जमलंय, कुठेही करपट नाही, जवसाचा खमंगपणा पुढे येतो, मोहाचा वास मागे राहतो, त्यामुळे मोह पहिल्यांदा खाणाऱ्याला मी आधी लाडूच देईन. एक मार्क का कापला तर लाडू एकसारखे नाहीत, काही इतके घट्ट की आजीबाईंना दात लावता येईना, काही हातात घेतल्याबरोबर फुटले. आणि डब्यावर "किती दिवसांत संपवावे" लिहिलेलं नव्हतं. जवस आणि शेंगदाणा आहे म्हटल्यावर खवट व्हायची भीती असते, ते लिहायलाच हवं. आमच्याकडे तेवढे दिवस टिकले नाहीत ही गोष्ट वेगळी.

आता तो प्रश्न, जो प्रत्येक जण विचारतो. मी ऑफिसात लाडू नेले तर पहिली प्रतिक्रिया "चढणार नाही ना?" अशी. वाळलेल्या मोहफुलात दारू नसते हो. साखर असते, भरपूर असते, आणि ती साखर पाण्यात आंबवली, मग गाळली तर दारू होते, जशी द्राक्षाची होते, उसाच्या मळीची होते. द्राक्षं खाताना कुणी असं विचारत नाही. मोहाच्या कपाळावर हा शिक्का बसला त्याला जुना इतिहास आहे, इंग्रजांच्या काळात १८९२ साली मुंबई इलाख्यात खास मोहफुलांसाठी कायदा केला होता, ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत फुलं बाळगण्या-विकण्यावर बंधनं आणणारा, कारण लोक घरीच दारू गाळायला लागले तर सरकारचा अबकारी महसूल बुडतो. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला त्यातही मोहफुलांवर निर्बंध होतेच, म्हणजे आपल्याच झाडाखालची फुलं वेचून पोत्यात भरून दुसऱ्या गावी न्यायची तर लायसन-परवान्याची भानगड. खायचं फूल आणि गुन्ह्याचा माल एकच झाला. राज्य सरकारने २०२१ मधे गोळा करणं, साठवणं, वाहतूक करणं यावरची ही बंधनं शिथिल केली आणि त्यानंतरच प्रदर्शनांत असे लाडू, जॅम, सरबतं जास्त दिसायला लागलीत. गडचिरोलीत तर १९९३ पासून दारूबंदी आहे, त्या बंदीसाठी तिथल्या बायका स्वतः रस्त्यावर उतरल्या होत्या, आणि आज त्याच जिल्ह्यातल्या बायका मोहाचे लाडू विकतायत. मला यात काहीच विसंगत वाटत नाही, उलट फुलाचा खाण्यासाठी भाव वाढला तर भट्टीकडे जाणारा माल तेवढा कमी होईल.

टोरीच्या तेलाबद्दल. अर्धा लिटरची बाटली, एकशे ऐंशी. हे तेल थंडीत थिजतं, पिवळट पांढरं घट्ट होतं, तेव्हा भेसळ समजून घाबरू नका, बाटली कोमट पाण्यात ठेवली की सुटतं. मी घेतलं तेव्हा थंडीच होती आणि अरुंद तोंडाच्या बाटलीत तेल थिजल्यावर चमचाही जात नाही, बाटली उलटी करून बसा. रुंद तोंडाची बरणी द्यायला हवी होती, एक मार्क तिथेच गेला. चव थोडी कडसर, वास आहे. तिकडच्या घरांत यातच भाज्या फोडणीला पडतात, पुऱ्याही तळतात, पण आधी तेल चांगलं कडकडीत तापवून घेतात म्हणजे तो उग्रपणा कमी होतो. मी वांग्याच्या भाजीला आणि भरड्याच्या वड्यांना वापरलं, तिखट मसालेदार पदार्थात छान जातं. वरणाच्या फोडणीला घातलं तर घरच्यांनी ओळखलं आणि नको म्हणाले. थंडीत फुटलेल्या टाचांना मात्र याच्यासारखं दुसरं काही नाही, रात्री चोळून मोजे घालून झोपायचं, सासूबाई वर्षानुवर्षं हेच करतात आणि आता मी पण. अर्धा मार्क कापला तो तळाशी गाळ होता म्हणून, अजून एकदा गाळायला हवं होतं.

तेल काढल्यावर राहते ती पेंड, स्टॉलवर तीही छोट्या पिशव्यांत होती, बागेसाठी म्हणून. तिच्यात सॅपोनिन नावाचं साबणासारखं फेसाळणारं द्रव्य असतं, कडू असते, गुरांना तशीच खायला घालत नाहीत, पण शेतात किडींसाठी टाकतात. घेणार असाल तर घरात मत्स्यटाकी असेल त्यापासून लांब ठेवा, माशांना ती घातक असते, पूर्वी ओढ्यात मासे धरायला हीच पेंड टाकायचे.

सरबत. साडेसातशे मिलीची बाटली दोनशेला, आणि घटकांत पहिलं नाव साखर. आता मोहात मुळात इतकी गोडी असताना वर साखर कशाला? प्यायल्यावर मोह कुठेच लागला नाही, नुसता पाक, वर लिंबाचा आंबटपणा आणि रंग. टिकण्यासाठी साखर घालावी लागते हे कळतं, पण मग मोह तरी जास्त घाला. घरी मोह उकळून, गाळून, पाणी आटवून दाट केलं की काकवीसारखा रस होतो तो याच्या दहापट चांगला, चमचाभर थंड पाण्यात घालायचा, लिंबू पिळायचं, झालं. जास्त करून ठेवू नका, फ्रीजमधेच ठेवा, बाहेर राहिला तर आंबणारच, स्वभावच आहे त्याचा.

डायबेटिस असलेल्यांसाठी वेगळं लिहिते कारण स्टॉलवर एका काकांना कुणीतरी "शुगरवाल्यांना चालतं" असं सांगताना ऐकलं, आणि ऑनलाइनच्या त्या डब्यावरही "शुगर फ्री" छापलं होतं. वाळलेल्या मोहात निम्म्याहून जास्त साखरच असते. वरून घातलेली नाही एवढंच. गुळाला पर्याय म्हणून वापरा, पण औषध म्हणून खाऊ नका आणि लाडू मोजून खा.

किमतीवर काहीजण म्हणतील की गावात मोह तीस रुपये किलो मिळतो, आणि तुम्ही तीनशेने घेता? बरोबर आहे, सरकारने वाळलेल्या मोहफुलांची किमान आधारभूत किंमत २०२० मधे सतरावरनं तीस रुपये किलो केली. पण तो भाव वेचून वाळवलेल्या मोहाचा. ओला मोह वाळला की वजन पाव हिश्श्याच्या आसपास उरतं, म्हणजे किलोभर वाळलेल्या मोहामागे कितीतरी टोपल्या वेचल्या गेल्यात याचा अंदाज करा. त्यावर जाळी, केसर काढण्याची मजुरी, निवडणं, पुन्हा ऊन दाखवणं, पाकीट, कोरचीवरनं नागपूरपर्यंतचं भाडं, स्टॉलवर राहण्याचा-जेवणाचा खर्च. शिवाय हंगामात पैशाची गरज असते म्हणून घरचा मोह स्वस्तात व्यापाऱ्याला द्यायचा आणि पावसाळ्यात खायला लागला तर तोच चढ्या भावाने परत घ्यायचा, हे चक्र तिकडे पिढ्यानपिढ्या चाललेलं आहे. गट स्वतः माल साठवून ठेवतो, सावकाश विकतो, म्हणजे ते चक्र कुठेतरी तुटतं. वनहक्क कायदा २००६ चा, त्याने गौण वनउपजावर (लाकूड सोडून जंगलातनं मिळणारी फुलं, फळं, बिया वगैरे) गावाचा हक्क मान्य केला, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ मधे सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर अख्ख्या गावाचा मिळून हक्क, मिळाला, नंतर जिल्ह्यात बऱ्याच गावांना मिळाला, त्या सगळ्याचा शेवटी अर्थ हाच ना की फूल ज्याने वेचलं त्याला भाव मिळावा. तीनशे रुपये मला जास्त वाटत नाहीत. ऑनलाइनच्या डब्याचे बाराशे रुपये किलो मात्र फारच वाटतात, कारण त्यातले वेचणाऱ्या बाईपर्यंत किती गेले हे डबा सांगत नाही.

स्टॉलवर एकाने विचारलं, "मोहाच्या लाकडाचं पोळपाट वगैरे ठेवत नाही का तुम्ही?" ताई जवळजवळ दचकल्याच. लाकूड चांगलं असतं मोहाचं, जड, टणक, आतलं लालसर, जुन्या घरांचे वासे, दाराच्या चौकटी, बैलगाडीचे भाग यासाठी वापरलेलं दिसतं. सासूबाईंच्या माहेरच्या घराचा मधला खांब मोहाचाच आहे, वादळात पडलेल्या झाडाचा. पण उभं झाड तोडून लाकूड विकायचं हे तिकडे कुणाच्या मनाला पटत नाही, झाडं घराघरात वाटलेली असतात, अमुक झाड अमुक घराचं, आजोबाकडनं नातवाकडे येतं ते. लावल्यावर फुलावर यायलाच दहा-एक वर्षं जातात आणि मग दोन-तीन पिढ्या वेचतात. आता काळजीची गोष्ट अशी की फुलं वेचली जातात, टोळही वेचले जातात, जी काही रोपं उगवतात ती आगीत जातात नाहीतर गुरं खातात, त्यामुळे मोठी झाडं दिसतात पण त्यांच्याखाली लहान झाडं दिसत नाहीत. गटाने थोड्या बिया राखून रोपं लावायला सुरुवात केलीय असं ताई म्हणाल्या. त्यासाठी पाकिटामागे पाच रुपये जास्त घेतले तरी मी देईन.

ठेवण्याबद्दल: पाकीट फोडलं की मोह घट्ट झाकणाच्या डब्यात, दोन-तीन महिन्यांनी एकदा कडक ऊन दाखवा, पावसाळ्याच्या आधी तर नक्कीच. ओला हात, ओला चमचा घालू नका. मुंग्या आणि किडे दोन्ही याच्यावर तुटून पडतात, डब्याभोवती लक्ष ठेवा. नवीन मोह मे महिन्यापासून बाजारात येतो, तेव्हा घेतला तर रंग आणि वास दोन्ही उत्तम असतात, दिवाळीच्या प्रदर्शनात मिळतो तो सहा-सात महिन्यांचा झालेला असतो, तोही चालतो फक्त नीट ठेवलेला हवा. म्हणून गटाला माझी विनंती आहे, पाकिटावर गावाचं नाव टाकता तसं "गोळा केल्याचा महिना" पण टाका, "जाळीवर गोळा केलेला" हे मोठ्या अक्षरात टाका, लाडवाच्या डब्यावर मुदत लिहा, आणि तेल बरणीत द्या. पुढच्या मेमधे मी दोन किलो फुलं सांगून ठेवलीत, शेजारच्या दोघींनीही एकेक किलो सांगितलाय, कुरिअरचा खर्च आम्ही वाटून घेणार आहोत.